छोट्या गावातलं रिक्रिएशन सेंटर: फॅमिली मेंबरशिप घ्यावी का? अनुभव सांगा

मक्याचं_शेत (धागाकर्ती) | ८ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही न्यू जर्सी सोडून ओहायोतल्या एका छोट्या गावात आलो. गावात चार सिग्नल आहेत, त्यातला एक कायम पिवळाच लुकलुकतो. घरामागे मका, घरासमोर सोयाबीन. कढीपत्त्यासाठी सव्वा तास गाडी हाणावी लागते. नवरा इथल्या कारखान्यात, माझं काम घरून, मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच.

गावाचं स्वतःचं एक रिक्रिएशन सेंटर आहे. वाय (म्हणजे वायएमसीए) नाही आणि साखळीतलं जिमही नाही, गावाच्या करातून चालतं. विजेचं बिल दाखवलं की गावकऱ्यांचा दर, नाहीतर बाहेरच्यांचा. एका छपराखाली जिम, दोन बास्केटबॉल कोर्ट, त्यांच्यावरून गोल फिरणारा चालायचा ट्रॅक, २५ यार्डांचा तलाव, मुलांसाठी उथळ कोमट पाण्याचा दुसरा तलाव, पोरांना सांभाळायची खोली आणि आजी-आजोबांची पत्त्यांची खोली. बघून आले, आवडलंही. पण वर्षाची रक्कम ऐकून नवरा म्हणतो, त्यापेक्षा ट्रेडमिल घेऊ. आधीच्या ट्रेडमिलवर माझे कुर्ते वाळायचे, हे तो सोयीस्कर विसरलाय.

कुणी अशा गावात राहिलंय का? पैसे वसूल होतात का? सुरुवातीचा उत्साह संपल्यावर काय होतं?

हिमगौरी | ८ सप्टेंबर

डोळे झाकून घ्या. आम्ही मिनेसोटात आहोत, इथे नोव्हेंबर ते मार्च घराबाहेर पडायचं तर आधी अर्धा तास कपडे चढवावे लागतात. पोरांना पळायला छप्पर हवंच.

आणि ती सांभाळायची खोली! आमच्याकडे दिवसाला दोन तास, फीमध्येच. अट एकच, आईबापांनी इमारत सोडायची नाही. खरं सांगते, पहिले दोन महिने मी व्यायाम केलाच नाही. पोराला सोडायचं, वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसायचं आणि थर्मासातला चहा प्यायचा. गरम. ज्यांच्या घरात अडीच वर्षांचं माणूस आहे त्यांना या शब्दाची किंमत कळेल. तिसऱ्या महिन्यात लाज वाटली म्हणून सायकलवर बसले. अधूनमधून स्पीकरवरून माझ्या नावाचा खिमा व्हायचा, म्हणजे डायपर बदलायला चला.

पेठेतला | ९ सप्टेंबर

पोर दुसऱ्याने सांभाळायचं, आपण बसून चहा प्यायचा. याला आमच्याकडे माहेर म्हणतात. फी नसते.

हिमगौरी | ९ सप्टेंबर

@पेठेतला हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण माहेर आठ हजार मैलांवर आहे हो. तिथल्या तिकिटात इथली तीन वर्षांची मेंबरशिप येते.

चक्रधर | ९ सप्टेंबर

मी जरा कडू बोलतो. सही करण्याआधी सोडायचं कसं ते विचारा. घेताना सगळे गोड असतात. मागच्या गावात आम्ही एका सेंटरचे मेंबर होतो (नाव घेत नाही). दुसऱ्या राज्यात बदली झाली, निघायच्या आठवड्यात काउंटरवर जाऊन सांगितलं, बाई म्हणाल्या हो हो, झालं. पुढचे तीन महिने खात्यातून पैसे जात राहिले. फोन केला तर म्हणे तीस दिवस आधी लेखी हवं होतं. काउंटरवरच्या बाई मान हलवत होत्या त्याचं काय, तर त्या आता नोकरीला नाहीत! एका महिन्याचे परत मिळाले, बाकीचे त्यांना गंगाजळी.

तेव्हा जे काय असेल ते ईमेलवर. जॉइनिंग फी माफ होते का विचारा, जानेवारीत बऱ्याच ठिकाणी करतात. आणि उत्पन्नाप्रमाणे फी कमी करायची सोय असते, ती कुणी आपणहून सांगत नाही. आपल्या लोकांना विचारायला संकोच वाटतो. विचारा.

ऱ्हाईनकाठ | १० सप्टेंबर

वाचतेय. आमच्या जर्मनीतल्या छोट्या गावात हे सगळं फेराईन करतं, म्हणजे क्रीडा मंडळ समजा. वर्षाची वर्गणी इतकी कमी की पहिल्यांदा मला महिन्याची वाटली होती. मग हळूहळू उमगतं की उरलेली वर्गणी अंगमेहनतीने भरायची असते. उन्हाळी जत्रेत स्टॉलवर दोन तास उभं राहा, केक करून आणा, मैदानाची पानं झाडा. मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवणारा माणूस दिवसा बेकरी चालवतो. पहाटे तीनला उठलेला असतो, तरी संध्याकाळी सहाला हजर. पगार नाही, जेमतेम पेट्रोलखर्च निघतो.

तक्रार एकच, पोहण्याच्या वर्गाची प्रतीक्षायादी. लेकीचं नाव घातलं तेव्हा ती साडेचारची होती, नंबर आला तेव्हा सहाची. इथे पोरांना आधी ‘झेपफेर्डशेन’ म्हणजे समुद्रघोड्याचा बिल्ला मिळवायचा असतो. काठावरून उडी, मग २५ मीटर पोहणं, आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची रिंग हाताने वर आणणं. लेकीला पोहता येत होतं, रिंगसाठी डोकं बुडवायला तयार नव्हती. शेवटी बापाने घरी बादलीत वाट्या टाकून सराव घेतला. तो कापडी बिल्ला पोहायच्या कपड्यावर शिवायचा असतो. तेवढं माझ्या शिवणकामाचं जर्मनीतलं योगदान.

कृष्णाकाठचा | ११ सप्टेंबर

धागा परदेशातला आहे, तरी हात लावतो. आमच्या गावाचं ‘फॅमिली सेंटर’ म्हणजे तालीम. सांगली जिल्हा, नदीकाठ. फक्त त्यात फॅमिलीतले पुरुषच यायचे.

माझी पहाट पाचला तालमीत व्हायची. आधी फावड्याने हौद उकरायचा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. तो वास अजून कुठे आला तर मी आपोआप पाय खरवडून चप्पल काढतो. मग जोर, बैठका, मग लढत. वस्ताद बोलायचे कमी. चुकलं की घोट्यावर काठीचं टोक टेकवायचे, मारायचे नाहीत, नुसतं टेकवायचे. फी नव्हती, सणाला वर्गणी असायची. एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही की वस्ताद त्याच्या घरी, आणि घरचे म्हणायचे अभ्यास करतोय, आणि तो माळ्यावर लपलेला.

२०१९ च्या पुरात नदी तालमीत शिरली. पाणी उतरलं तेव्हा हौदात माती नव्हतीच, गुडघाभर काळा गाळ. पोरांनी आठवडाभर पाट्या भरभरून काढला. नवी तांबडी माती डंपरने आली. आता ती मळायची म्हणजे ताक हवं, आणि तेही थोडंथोडकं नाही. स्पीकरवरून सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत दारात कळशा, बरण्या, एक तर प्रेशर कुकर भरून ताक. आणायला बायका आल्या होत्या. उंबऱ्यापर्यंत. ताक आत घेतलं आणि त्या वळून गेल्या. मी आत उभा होतो. तेव्हा काही वाटलं नाही, नंतर फार वाटलं.

पुढे निधीतून मशिनं आली, वरच्या मजल्यावर जिम झालं. ‘महिलांसाठी राखीव वेळ’ अशी पाटी लागली: दुपारी दोन ते साडेतीन. वर्षभर कुणी फिरकलं नाही. कमिटीने ठरवूनही टाकलं, बायकांना आवड नाही. अहो, दोनला कोण येणार? निम्म्या शेतात, निम्म्या डबे-भांडी उरकून जरा पाठ टेकतायत. ती वेळ पोरांना नको होती म्हणून दिली होती, एवढंच. मग वस्तादांच्या सुनेनेच बैठकीत विचारलं, सहा ते सात का नाही? सहा ते सात पोरं आरशासमोर दंड बघत असतात हो. बरीच वादावादी झाली, एक जण राजीनामा देऊन परतही आला. आता सहा ते सात बायकांची बॅच. मागच्या महिन्यात चपला मोजल्या, एकतीस जोड.

वऱ्हाडी_ठेचा | ११ सप्टेंबर

@कृष्णाकाठचा जबरा लिवलं भाऊ. ताकाचं वाचून डोयात पाणी आलं.

आमच्या अमरावतीचं नाव निघालं नाही तं मले झोप येनार नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ पासून. अन् @ऱ्हाईनकाठ, तुमच्या जर्मनीतच १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं कबड्डी खेळून दाखवली होती. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही तिथं मल्लखांब करायचो. पहिले दोन दिवस मांड्यांची सालटं निघतात, मंग खांबच आपला वाटतो.

निवांत_आजोबा | १२ सप्टेंबर

अवांतर, पण विषयाला धरून. धागाकर्तीच्या सेंटरमधले अर्धे खेळ वायमधूनच निघालेले आहेत. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तरांना हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यांनी सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि बास्केटबॉल झाला. पहिल्या सामन्यात एकच गोल पडला. पण मला जास्त आवडते ती चार वर्षांनंतरची गोष्ट. जवळच्याच होलियोकच्या वायमध्ये विल्यम मॉर्गन यांच्याकडे मध्यमवयीन व्यापारी यायचे, त्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपेना. त्यांच्यासाठी त्यांनी मध्ये जाळी बांधून व्हॉलीबॉल काढला. म्हणजे व्हॉलीबॉल हा मुळात पोट सुटलेल्या लोकांसाठी काढलेला खेळ आहे. मी सत्तर वर्षांचा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पेठेतला | १२ सप्टेंबर

आणि बॅडमिंटनचे नियम १८७० च्या दशकात पुण्यात झाले, तेव्हा त्या खेळाला ‘पूना’च म्हणायचे. कुणी सांगायच्या आत सांगून ठेवतो.

मक्याचं_शेत (धागाकर्ती) | १४ सप्टेंबर

धन्स मंडळी! घेतली मेंबरशिप. @चक्रधर, सगळं ईमेलवर घेतलंय, जॉइनिंग फीही माफ झाली. @कृष्णाकाठचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी फीच्या आधी वेळापत्रक मागितलं. सांभाळायची खोली सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात. पहाटे साडेपाचला पोहण्याच्या दोन लेन कामावर जाणाऱ्यांसाठी. ज्येष्ठांचा पाण्यातला व्यायाम सव्वादहाला, म्हणजे थंडीतल्या रस्त्यावरचा बर्फ हटल्यावर. हे कुणीतरी विचार करून लावलंय.

एक नाजूक प्रश्न. इथल्या लॉकररूममध्ये बायका अगदी… म्हणजे काहीच न घालता गप्पा मारत उभ्या असतात. हवा, पीकपाणी, नातवंडं. मी भिंतीकडे तोंड करून टॉवेलच्या तंबूत पंधरा मिनिटं धडपडते. काय करावं?

हिमगौरी | १४ सप्टेंबर

फॅमिली चेंजिंग रूम असते, दाराला कडी असलेली. अडीच वर्षांचं पोर सोबत आहे, हक्काने वापरा. बाकी तीनेक महिन्यांत तुम्हीही हवा-पीकपाणी बोलायला लागाल. तंबू जातो.

ऱ्हाईनकाठ | १४ सप्टेंबर

इथल्या सॉनात तर स्त्री-पुरुष एकत्र आणि अंगावर कपडा घालायलाच बंदी. तुमचं बरंच सोवळं आहे म्हणायचं.

मक्याचं_शेत (धागाकर्ती) | २ नोव्हेंबर

दोन महिन्यांचा हिशेब. नवरा आठवड्यातून दोनदा पिकलबॉल (छोट्या कोर्टावरचं टेनिसच समजा) खेळतो, तोही साठीच्या पुढच्या लोकांशी, आणि हरून येतो. लेकीची पोहण्याची परीक्षा झाली. लांबीभर न थांबता पोहायचं आणि मिनिटभर पाय मारत तरंगायचं, की मनगटाला हिरवी पट्टी मिळते आणि खोल भागात जाता येतं. लाल पट्टी म्हणजे आईबाप हाताच्या अंतरावर. पहिल्यांदा लाल मिळाली, दोन दिवस जेवणावर रुसली. आता हिरवी पट्टी लावून झोपते.

तक्रारीही आहेत. परवा पोरांना कपडे बदलून पाण्यात उतरवते न उतरवते तोच ढग गडगडले. तलाव छपराखाली असूनसुद्धा शिट्टी, सगळे बाहेर. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं थांबायचं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं. ओली, कुडकुडणारी दोन पोरं आणि वेंडिंग मशिनमधली चिप्सची पाकिटं, असा तासभर काढला. आणि जिमच्या दोन मशिनांवर ‘बंद आहे’ची चिठ्ठी सप्टेंबरपासून आहे. चिठ्ठीचाच रंग उडालाय.

पुढच्या आठवड्यात आई येतेय कराडहून, सहा महिने. तिचे गुडघे दुखतात. इथे तिचं मन कसं रमणार, ही काळजी.

मक्याचं_शेत (धागाकर्ती) | १९ मार्च

मंडळी, धागा वर काढतेय. आईबद्दल लिहायचं होतं.

पहिले दहा दिवस ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायची. संध्याकाळी सांगायची, “आज अकरा. त्यातली एक पोस्टाची.” मला ऐकवेना. ज्येष्ठांचा पास काढून ट्रॅकवर नेलं. पंजाबी ड्रेस, स्वेटर, पांढरे बूट. ट्रॅकवर सोमवार-बुधवार-शुक्रवार एका दिशेने चालायचं, बाकीचे दिवस उलट. आईला पटेना. “देवळात असं चालतं का?” मग तिनेच तोडगा काढला: सरळ प्रदक्षिणेच्या दिवशी रामरक्षा, उलट्या दिवशी भाजीचा हिशेब.

तिथून काचेतून खाली तलाव दिसतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कठड्याला टेकून थांबली. खाली सव्वादहाचा संधिवाताचा वर्ग चाललेला. पंधरा-वीस म्हाताऱ्या छातीभर कोमट पाण्यात, हातात रंगीत फोमच्या लांब नळ्या, त्यांना इथे नूडल म्हणतात. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “गुडघे दुखत नसतील गं त्यांचे, पाण्यात?” नसतातच. छातीभर पाण्यात पायांवर वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. पण कपड्यांचं काय? आठवडा त्यात गेला. शेवटी गुडघ्यापर्यंतचा पोशाख आणि वर लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट मागवला. आरशात बघून म्हणाली, “नऊवारी नेसून कृष्णेत पोहायचो आम्ही. हे त्यापेक्षा अंगभर आहे.” मला हे माहीतच नव्हतं, आई पोहायची हे.

पहिल्याच दिवशी घोळ. आदल्या रात्री तिने डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं, सवयीने. आधी शॉवर घ्यावा लागतो, घेतलाही, पण तेल कुठे जातंय! आई पाण्यात उतरली आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्य. सतरा-अठरा वर्षांचा लाइफगार्ड लालबुंद होऊन माझ्याशी बोलतोय, आईकडे बघतही नाही. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी स्वतःची टोपी काढून आईच्या डोक्यावर चढवली. कानांवरून खाली ओढली, गाठोडं बांधावं तशी. बाईंचं वय ब्याऐंशी, आयुष्यभर शाळेची बस चालवली. आई त्यांना ‘बसवाल्या बाई’ म्हणते, त्या आईला काय म्हणतात ते मला अजून उलगडलेलं नाही.

दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही. तरी बोलतात. आई मराठीत, त्या इंग्रजीत, दोघी पूर्ण वाक्यांत. संक्रांतीला आईने तिळाचे लाडू केले, शेंगदाणा घालू दिला नाही मी, इथे कुणाला चालत नसेल तर पंचाईत. लॉकररूमच्या बाकावर डबा उघडून प्रत्येकीच्या ओल्या हातावर एकेक ठेवला. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ मी कसंबसं सांगितलं, तर बसवाल्या बाई म्हणाल्या, “अन् तू आणला नसतास तर आम्ही काय बोलणार होतो?” आईला भाषांतर केलं तर ती इतकी हसली की टॉवेल सुटला. तंबू तिचाही गेलाय.

फेब्रुवारीत सर्दीने ती तीन दिवस गेली नाही. चौथ्या दिवशी बर्फातून खरखरत एक जुना ट्रक दारात. बसवाल्या बाई. हातात आईची विसरलेली टोपी. आत येईनात, बूट ओले म्हणून. आईने त्यांना उंबऱ्यातच चहा पाजला.

एप्रिलअखेर आई परत जातेय. आता रोज एकच प्रश्न, कराडात असं कुठे मिळेल? @कृष्णाकाठचा, तुमच्या भागात नगरपालिकांच्या तलावांत बायकांची बॅच असते का? म्हाताऱ्या बायकांना घेतात का?

कृष्णाकाठचा | १९ मार्च

वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ.

आमच्याकडच्या पालिकेच्या तलावात महिला बॅच आहे. वेळ विचारू नका… दुपारी बारा ते एक. उन्हाळ्यातच चालू, पाणी गार, आणि आत उतरायला उभी लोखंडी शिडी, गुडघेवाल्यांना ती जमत नाही. कराडचं चौकशी करून सांगतो. पण काकूंना म्हणावं, एकट्या जाऊ नका. आठ-दहा जणी मिळून अर्ज द्या आणि वेळ तुम्हीच लिहा त्यात. आमच्या तालमीत तसंच झालं.

वऱ्हाडी_ठेचा | २० मार्च

अर्जात पायऱ्या बी मागा म्हना. कठड्यासहित.

मक्याचं_शेत (धागाकर्ती) | २० मार्च

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, भजनी मंडळातच बारा जणी आहेत, नऊ जणींचे गुडघे गेलेत. अर्जाचा कागद मागितलाय माझ्याकडे.

आता तातडीचा प्रश्न. बसवाल्या बाईंनी तिला दोन नूडल भेट दिल्यात, एक हिरवी, एक केशरी. वजन काहीच नाही, पण बॅगेपेक्षा लांब. मधून कापाव्यात का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला | २० मार्च

कापा. चार होतील. नऊ जणींना दोन पुरणार आहेत का?

हिमगौरी | २० मार्च

अजिबात कापू नका! बॅगेच्या आतल्या कडेने गोल वाकवून बसवा आणि मधल्या जागेत बदाम भरा. मी गेल्या वर्षी तशीच नेली, काही झालं नाही.

कृष्णाकाठचा | २१ मार्च

बदाम जास्त झाले तर आमच्या तालमीत पाठवा. कराडहून लांब नाही.